मामांचा अंगठा: सीएनसी लेथला रोबोट जोडतानाच्या नोंदी

१७ मार्च २०२५

ठरलं एकदाचं. तीन नंबरच्या सीएनसी लेथवर (प्रोग्रामवर चालणारं कातकामाचं मशीन) जॉब, म्हणजे कापायचा नग, लावायला-काढायला रोबोट बसवायचा.

वाळूज एमआयडीसीत आमची पाच मशिनांची शेड आहे. त्यातलं हे एकच मशीन वर्षभर एकच जॉब करतं: फ्लँज (मधे भोक असलेली जाड चकती), पहिलं ऑपरेशन. फोर्जिंग, म्हणजे साच्यात ठोकून घडवलेला कच्चा नग, ९२ मिलिमीटर व्यासाचं, ३५ जाडीचं, मधे ३० चं भोक, वजन साधारण १.६ किलो. मशीनची सायकल, म्हणजे एक नग कापायची फेरी, ९४ सेकंद. झालेला जॉब काढून, नवा लावून, दार ओढेपर्यंत माणसाला लागतात २४ सेकंद. कागदावर आठ तासांत २४४ नग बसतात. प्रत्यक्षात दिवसपाळीत १९० आणि रात्रपाळीत १६०. बाकीचा वेळ चहा, जेवण, ट्रॉली ओढणं आणि फोन यांत जातो. यात ऑपरेटरची चूक नाही. आठ तास दर दोन मिनिटांनी दीड-दोन किलोचं लोखंड उचलून बघा म्हणजे कळेल.

खरं कारण रात्रपाळी. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग आमच्यासारख्या शेडी उभ्या राहिल्या. तेव्हा गंगापूर, पैठणकडून कामाला आलेली पोरं आता पन्नाशी ओलांडून गेली. त्यांच्या पोरांना रात्री लेथपुढं उभं राहायचं नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही.

दुसऱ्या कुणाला करायचं असेल तर वाट थोडी सोपी व्हावी म्हणून या नोंदी ठेवतोय. कोणत्या कंपनीचा रोबोट, कोणता कंट्रोल, ते लिहिणार नाही. अडचणी सगळीकडं त्याच येतात.

तीन नंबरवर मामा आहेत, २२ वर्षांपासून. सगळी शेड त्यांना मामाच म्हणते, मीही. त्यांना आधीच सांगितलं, "मामा, तुम्हाला काढायचं नाहीये." ते म्हणाले, "ते राहू द्या. त्याला शिकवणार कोण ते आधी सांगा."

२९ मार्च

रोबोट आला. जुना, सहा अक्षांचा, १० किलो उचलणारा, पोहोच १.४ मीटर. कंट्रोलरसकट ६,८०,००० रुपये. भाडं आणि क्रेन १९,०००.

लाईट दिली आणि स्क्रीन अलार्मनी भरली. मोटरांच्या एन्कोडरला आपण कोणत्या कोनात आहोत हे लक्षात ठेवायला लाईट नसताना बॅटरी लागते. ती मेलेली. म्हणजे रोबोटला आपला खांदा कुठं, कोपर कुठं, काहीच आठवत नाही. सांधा सांधा सुटा हलतो, पण सरळ रेषेत चल म्हटलं की नाही म्हणतो.

खरेदीच्या दिवशी मी तो व्यवस्थित चालताना पाहिला होता. पण तेव्हा त्याला लाईट चालू होती, त्यामुळं बॅटरीची गरजच पडली नव्हती. मी ग्रीस पाहिलं, केबल पाहिल्या, तास किती झालेत ते पाहिलं. बॅटरी कधी बदलली हे विचारलं नाही. जुना रोबोट घेणार असाल तर विक्रेत्याच्या दारातच, लाईट चालू ठेवून, नव्या बॅटऱ्या टाकून घ्या. लाईट बंद करून बदलल्या तर जे वाचवायचं तेच जातं.

उद्या पाडवा. हलता न येणाऱ्या हाताला हार घालून पूजा करणार.

३ एप्रिल

प्रत्येक सांध्यावर शून्याच्या खुणा कोरलेल्या असतात. त्या डोळ्यानं जुळवून आम्ही दोन दिवस स्वतः प्रयत्न केला. खुणा जुळल्या, अलार्म गेला, आम्ही पेढे मागवले. मग टोकदार पिन लावून एकाच बिंदूभोवती मनगट फिरवलं तर टोक सहा-सात मिलिमीटर भटकलं. डोळ्यानं जुळवलेल्या खुणेत अर्ध्या अंशाची चूक सहज राहते आणि हाताच्या लांबीवर तिचे मिलिमीटर होतात.

पुण्याहून तंत्रज्ञ बोलावला. त्याच्याकडं डायल लावायचं फिक्स्चर होतं. एका दिवसात अर्ध्या मिलिमीटरच्या आत आणून दिलं. १८,००० रुपये आणि पाच दिवस गेले. जाता जाता त्यानं एक चांगली गोष्ट करायला लावली: बेसवर एक टोकदार पिन कायमची वेल्ड करून तिच्या टोकाला टोक भिडवणारी एक पोझिशन साठवून ठेवायची. कुठं धडक झाली, शंका आली, की आधी तिथं जाऊन बघायचं. पुढं ही पिन फार कामाला आली.

९ एप्रिल

दोन घोळ एकाच आठवड्यात.

पहिला फरशीचा. शेडची फरशी जेमतेम चार इंच, खाली मुरूम. चार अँकर ठोकून पेडेस्टल (रोबोट बसवायचा खांब) उभं केलं. हळू चालवलं तेव्हा ठीक होतं, वेग वाढवल्यावर दोन अँकर नखासारखे वर आले. फरशी फोडली, तीन फूट चौरस खड्डा, दीड फूट काँक्रीट, आत सळई. खर्च १४,०००. क्युरिंगला दहा दिवस द्यावे लागणार, कारण उन्हात वरचा थर आधी वाळतो. गोणपाट टाकून दिवसातून चार वेळा पाणी मारायचं. तोवर रोबोट पॅलेटवर बसून.

दुसरा ब्रॅकेटचा. एकाच फेरीत झालेला जॉब काढून नवा लावायचा तर मनगटाला दोन ग्रिपर (जॉब पकडणारे पंजे) लागतात. तीन-तीन जॉचे (बोटांचे) दोन ग्रिपर मिळून ४.२ किलो. ब्रॅकेट मी शेडमध्ये पडलेल्या १६ मिलिमीटर लोखंडी प्लेटचं केलं, ते भरलं ३.९ किलो. कच्चा जॉब १.६, झालेला १.३. बेरीज करा: ११ किलो. रोबोट १० चा. बेरीज मी कागदावर केलीच नव्हती. डोक्यात "जॉब दीड किलोचा, रोबोट दहा किलोचा" एवढंच होतं.

ॲल्युमिनियमचं नवं केलं, १.३५ किलो, ६,५०० रुपये. लोखंडी ब्रॅकेट मामांनी चहाचा स्टँड म्हणून नेलं. आणि हो, कंट्रोलरमध्ये पेलोडचा, म्हणजे हातावरच्या वजनाचा, आकडा खरा भरा. मी सुरुवातीला शून्यच ठेवला होता. हात नुसता वळला तरी धडक झाली असं समजून थांबायचा.

१९ एप्रिल

मशीन आणि रोबोट यांचं बोलणं. सगळ्यात जास्त डोकं इथं गेलं.

बोलायचं इतकंच असतं: दार उघडलं, चक (फिरणाऱ्या स्पिंडलच्या टोकाचा, जॉब धरणारा पंजा) सुटला, मी बाहेर आलो, दार लाव, सायकल मार. पाच-सहा वायरींचं काम. पण रोबोटचे आउटपुट चोवीस व्होल्ट देणारे, आणि आमच्या मशीनचे इनपुट शून्याला ओढले की जागे होणारे. सरळ जोडलं तर कुणीच कुणाचं ऐकेना. मधे रिले (एका सिग्नलवरून दुसरा चालू करणारे स्विच) टाकले, प्रत्येक सिग्नलला एक. वायरमन म्हणत होता इतका जुना उपाय कशाला, पण रिलेवर दिवा असतो. रात्री दोन वाजता कोणता सिग्नल आला नाही हे हेल्परलाही दिव्यावरून सांगता येतं.

मग सायकल स्टार्ट. माझा प्रोग्राम असा: स्टार्टचा सिग्नल चालू कर, मशीन "चालू झालो" म्हणेपर्यंत धरून ठेव, मग सोड. मशीन चालूच होईना. दोन दिवस वायरी तपासल्या, रिले बदलले, मशीनवाल्याला फोन केले. हातानं हिरवं बटण दाबलं की मात्र लगेच चालू.

तिसऱ्या दिवशी मामांचा हात बघत होतो. त्यांनी बटण दाबलं आणि मला काहीतरी सांगायला वळले, बोट बटणावरच. मशीन थांबून होतं. बोट उचललं आणि स्पिंडल फिरला. आमच्या कंट्रोलवर बटण दाबल्यानं सायकल सुरू होत नाही, सोडल्यानं होते. रोबोट मशीनची वाट बघत सिग्नल धरून बसलेला, आणि मशीन त्यानं सोडायची वाट बघत बसलेलं. सिग्नल पाव सेकंदात सोडला, काम झालं.

२४ एप्रिल

ऊन. दुपारी दोनला पत्र्याखाली ४३, रोबोटच्या कंट्रोलरच्या पेटीत ५१. कंट्रोलरच्या पाटीवर बाहेरचं तापमान ४५ पर्यंत चालेल असं लिहिलंय, आणि ते लिहिणाऱ्यानं एप्रिलमधला मराठवाड्यातला पत्रा पाहिलेला नसावा. दुपारी सव्वादोन ते साडेचार दर वीस मिनिटांनी अलार्म.

आम्ही कूलर लावला. घरी चालतो तर इथं का नाही? दोन दिवस चाललाही. तिसऱ्या दिवशी फिल्टर उघडला तर कूलंटची (कापताना मारायच्या तेल-पाण्याची) वाफ, धूळ आणि कूलरचा दमटपणा मिळून पिठासारखा लगदा, पंख्यावर जाड थर. कूलर ताबडतोब बंद. प्लायचं खोपटं करून त्यात कंट्रोलर ठेवला, वर घरचा जुना एक टनाचा एसी. १६,५०० रुपये. पत्र्याला चुना मारला, त्यानंही थोडा फरक पडला. आता दुपारी सगळे फोनवर बोलायला खोपट्यात जातात.

२८ एप्रिल

रोबोटनं पहिला नग लावला, मशीननं केला, रोबोटनं काढला. बदलीला ३१ सेकंद, म्हणजे माणसापेक्षा हळू. दार ओढणारा हवेचा सिलिंडर इतका जोरात बसतो की काच हादरते. फ्लो कंट्रोल घट्ट केला. हळू का होईना, चाललं.

५ मे

सोळा सेकंदांवर आलो. हात आधीच दाराशी येऊन थांबायला लागला, दार पूर्ण उघडायच्या आत शिरायला लागला. पहिल्यांदा पूर्ण पाळी रोबोटवर सोडली. ४८ नगांचे दोन ट्रे, एक संपेपर्यंत दुसरा भरायचा.

संध्याकाळी मोजलं तर २१२ नगांत ३७ रिजेक्ट. नगाला २१० रुपये. चूक एकच: फ्लँजच्या जाडीत एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला ०.१२ मिलिमीटरपर्यंत फरक, आणि चालतो ०.०५. म्हणजे जॉब चकमध्ये तिरका बसत होता. सलग नव्हे. तीन चांगले, एक वाईट, सहा चांगले, दोन वाईट.

पोझिशन पुन्हा शिकवली. सॉफ्ट जॉ (चकची जॉब पकडणारी मऊ बोटं) पुन्हा बोअर केले. पिनवर जाऊन टोक तपासलं. सगळं बरोबर. मग मामांना म्हटलं, तुम्ही लावा, मी बघतो. काहीच न बोलता दहा नग बघितले.

बघताना जे दिसलं ते मामांनाही माहीत नव्हतं. जॉब काढला की त्यांचा उजवा अंगठा तिन्ही जॉच्या बैठकीवरून एकदा गोल फिरतो. दाबून, घासून. एखादी बारीक चिप (कापताना निघणारा लोखंडाचा कीस) असली तर बोटाला लागते, नखानं काढतात. मग नवा जॉब आत ठेवतात आणि पायानं चक दाबायच्या आधी तळव्यानं जॉब आत रेटून किंचित फिरवतात, बाटलीचं झाकण बसवल्यासारखं. चक आवळत असताना तळवा दाबलेलाच. हे सगळं दोन सेकंदांत. मी विचारलं, "हे अंगठा फिरवायचं कुणी शिकवलं?" ते म्हणाले, "कुठं फिरवू लागलो मी?"

आमचा रोबोट यांतलं काहीच करत नव्हता. पुसत नव्हता, रेटत नव्हता. उलट ग्रिपरनं जॉब गच्च धरून ठेवायचा आणि चक आवळायचा. दोघांनी एकाच जॉबला आपापल्या मध्यावर ओढायचं, मग तो तिरका बसणारच.

तीन गोष्टी केल्या. जॉब काढल्यावर स्पिंडल मिनिटाला ३०० फेऱ्यांनी फिरवायचा आणि जॉच्या बैठकीवर दोन नोझलांतून दोन सेकंद हवा मारायची. हा अंगठा. ग्रिपरच्या मधोमध तीन स्प्रिंगांवर एक गोल प्लेट बसवली, ती जॉबला आत दाबते. हा तळवा. आणि क्रम बदलला: दाब, ग्रिपर उघड, स्प्रिंग दाबत असतानाच चक आवळ, मग मागे ये. चक आवळताना जॉबला आता स्प्रिंगशिवाय कुणी धरत नाही, तो आपोआप बैठकीवर टेकतो.

हवा मारायला दोन सेकंद वाढले. ते दुसरीकडून, ट्रेवरच्या उगाचच्या उंच उडीतून काढले.

दोन दिवसांत चारशे नग, रिजेक्ट दोन. ते दोन्ही लांब चिपेमुळं. ती पुढची गोष्ट.

१२ मे

चिप. माणूस असताना चिप लांब निघते की तुकड्यांत हे कधी मनावर घेतलं नव्हतं. चकभोवती गुंता झाला तर मामा आकड्यानं ओढून टाकत, शिवी देत आणि पुढं जात. रोबोटला आकडा नाही आणि शिवीही नाही. गुंता ग्रिपरच्या बोटात अडकून ट्रेवर येतो, तिथून पुढच्या जॉबखाली जातो. एकदा दाराच्या रुळात गेला, दार लागलं नाही, मशीन पाऊण तास नुसतं उभं.

रफिंगचं (पहिल्या जाड कापाचं) इन्सर्ट, म्हणजे कापणारी पाती, बदललं, जास्त चिप तोडणाऱ्या भूमितीचं घेतलं, आणि फीड (एका फेरीत पाती किती पुढं जाते ते) ०.१८ वरून ०.२५ मिलिमीटर केला. माझी भीती होती की फिनिश जाईल, पण फिनिशिंगचा पास वेगळाच आहे, त्याला हात लावला नाही. चिप आता नऊच्या आकड्यासारखी तुटून पडते. वर सायकल ९४ ची ८९ झाली. हे मामा असतानाही करता आलं असतं. कुणी विचारच केला नव्हता, कारण आकडा होता.

२१ मे

अवकाळी. चार दिवस रोज दुपारनंतर आभाळ. आज वीज कडाडली आणि लाईट गेली, हात नेमका मशीनच्या आत.

ग्रिपरला हवा देणारा आमचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारा नळ) एकाच कॉइलचा. लाईट गेली की स्प्रिंगनं परत येतो, आणि परत येणं म्हणजे ग्रिपर उघडणं. १.६ किलोचा जॉब खाली पडला, टरेटला (हत्यारं धरणाऱ्या भागाला) घासून कूलंटमध्ये गेला. नशीब, खाली कुणाचा हात नव्हता.

पुढची चूक जास्त महाग. लाईट आल्यावर हेल्परनं मोठ्या उत्साहात "होम" दाबलं. होम म्हणजे माझ्या प्रोग्रामात सगळे सांधे एकदम घरच्या कोनात जाणं. बाहेर असेल तर ठीक. आत असताना हात सरळ मागं न येता वळत निघाला आणि ग्रिपर जॉवर आदळला. ग्रिपरचं एक बोट तुटलं, जॉचा कोपरा उडाला. ९,५०० रुपये, दोन दिवस. पोराला बोललो नाही. बटण मीच दिलं होतं.

दोन कॉइलचा व्हॉल्व्ह घेतला, तो लाईट गेली तरी शेवटी होता तसाच राहतो. हवेच्या लायनीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाकला, म्हणजे कॉम्प्रेसर बंद पडला तरी ग्रिपरमधली हवा निघून जात नाही. मिळून ४,२००. आणि होम पुन्हा लिहिला: आधी बघ तू कुठं आहेस. दाराच्या रेषेच्या आत असशील तर जसा शिरलास तसाच सरळ, हळू बाहेर ये. बाहेर असशील तरच घरी जा. दोन्हींत बसत नसशील तर जागचा हलू नको, दिवा लाव.

धडकेनंतर पिनवर टोक नेलं, ०.३ चा फरक. मनगट थोडं हललं होतं. एका दुपारीत दुरुस्त झालं. पिन नसती तर पुन्हा पुण्याला फोन.

३० मे

कुंपण पहिल्या दिवसापासून आहे: सहा फुटी जाळी, फाटकाला स्विच, फाटक उघडलं की रोबोट थांबतो. ७४,००० लागले आणि सगळ्यांनी मला वेड्यात काढलं.

आज बघितलं तर फाटक सताड उघडं, आत हेल्पर ट्रे भरतोय आणि रोबोट पूर्ण वेगानं चालू. स्विचच्या तोंडावर काळ्या टेपनं चिकटवलेला लोहचुंबक. कुणी लावला विचारलं, सगळे एकमेकांकडं बघायला लागले. कारण मात्र सगळ्यांनी सांगितलं: ट्रे बदलायला फाटक उघडलं की रोबोट थांबतो, मग रीसेट, मग वेग कमी, मग परत सुरू. तीन मिनिटं जातात.

म्हणजे चूक माझ्या मांडणीची. दुपारी सगळ्यांना बसवून १९७९ ची गोष्ट सांगितली: अमेरिकेत मिशिगनमधल्या एका कास्टिंग कारखान्यात कामगार सुटे भाग आणायला रॅकवर चढला आणि मागून आलेल्या यंत्राच्या हाताचा फटका बसून जागीच गेला. यंत्राला माणूस दिसत नव्हता. आपल्या रोबोटलाही दिसत नाही. शिकवताना पेंडंटवरचं (हातात धरून रोबोट चालवायच्या पाटीवरचं) बटण अर्धवट दाबून धरलं तरच हात चालतो आणि सेकंदाला २५० मिलिमीटरपेक्षा जोरात जात नाही, ते याचसाठी. चालू पाळीत ते बंधन नसतं.

मग दोन गोष्टी. कोडवाला स्विच, ज्याला आपली जोडीदार चकती सोडून दुसरा चुंबक चालत नाही, ११,८००. आणि ट्रे बाहेरून ढकलायच्या ड्रॉवरसारख्या केल्या. एक आत, एक बाहेर, फाटक उघडायची गरजच नाही. दुसरी गोष्ट केली नसती तर पहिलीवरही कुणीतरी तोडगा काढलाच असता.

१४ जून

कूलंट. शेडमध्ये अर्धं पाणी एमआयडीसीचं, जायकवाडीचं, आणि ते कमी पडलं की बोअरचं. बोअरचं इतकं जड की टाकीच्या कडेला पांढरा थर धरतो आणि तेल वर तरंगतं. मामा पाळीत दोनदा हात बुडवून, वास घेऊन सांगायचे, "पाणी झालंय, तेल टाका." रात्री आता हात बुडवायला कुणी नाही. सकाळी बघितलं तर ३० जॉबना गंजाची झाक.

रिफ्रॅक्टोमीटर (कूलंटमध्ये तेल किती ते दाखवणारं उपकरण) होताच, कपाटात. आता पाळी बदलताना रीडिंग वहीत लिहायचं, सात टक्क्यांच्या खाली गेलं की टॉप-अप. बोअरचं पाणी कूलंटला बंद.

४ जुलै

हिशेब. रोबोट ६,८०,०००. ग्रिपर १,३५,०००. पेडेस्टल २८,०००. मशीनचं दार आपोआप करायला २२,०००. कुंपण ७४,०००. रिले, पॅनल, सेफ्टीचं सामान ६१,०००. वाहतूक १९,०००. प्रोग्रामिंगला बाहेरचा माणूस, २४,०००. एकूण १०,४३,०००.

चुकांचा खर्च वेगळा काढला: तंत्रज्ञ, फरशी, ब्रॅकेट, एसी, बोट-जॉ, व्हॉल्व्ह, स्विच आणि ते ३७ नग. ८८,२७०. माझे स्वतःचे रात्रीचे तास यात नाहीत.

दिवसपाळीत आता २४२, रात्रपाळीत २३८. आधी १९० आणि १६०. म्हणजे दिवसाला १३० नग जास्त. बघण्यासारखं हे की बदलीचा वेळ फक्त आठ सेकंद आणि सायकल पाच सेकंद कमी झाली. बाकी सगळं न थांबण्यातून आलंय, आणि त्यातही रात्रपाळीतून. नुसत्या दिवसपाळीसाठी कुणी रोबोट घेत असेल तर मी नको म्हणेन. मला जॉबवर्कचे नगामागे १९ रुपये सुटतात. महिन्याचे २६ दिवस धरले तर पैसे फिटायला दीड वर्ष. पार्टीनं, म्हणजे काम देणाऱ्या कंपनीनं, जॉब बंद केला तर माहीत नाही.

मामा आता तीन आणि चार, दोन्ही मशीन बघतात. पेंडंटला अजून हात लावत नाहीत. पण त्याचा वेग पन्नास टक्क्यांवर राहिला तर लांबून ओळखतात. परवा आषाढी, ते पंढरपूरला निघाले. जाताना चकच्या जॉवर अंगठा फिरवून गेले.

८ जुलै

रात्री दोनला फोन. रोबोटनं ट्रेसकट जॉब उचलला. अख्खा ट्रे हवेत, मग धडकेचा अलार्म, मग थांबला. होम नीट चालला, नुकसान काही नाही.

नवा लॉट. ट्रेची भोकं ९३.५ ची, पण या फोर्जिंगचा डायच्या (साच्याच्या) सांध्यावरचा उंचवटा जास्त आहे, तो भोकात अडकतो. डझनभर जॉब मोजले, पाच अडकतात. पूर्वी असे जॉब आले तर काय व्हायचं? काहीच व्हायचं नाही. मामा कानस मारायचे नाहीतर बाजूला ठेवायचे, माझ्यापर्यंत कधी आलंच नव्हतं.

भोकं ९५ ची करायला घेतली. जॉब ट्रेत थोडा हलेल, पण तीन-जॉ ग्रिपर धरताना स्वतःच मध्यावर आणतो, त्यामुळं चालेल. दोन ट्रे, ९६ भोकं, व्हीएमसीवर (भोकं पाडायच्या सीएनसी मशीनवर) रात्रीच्या मोकळ्या वेळात.

१० जुलै

मामा आले. सगळ्यांना प्रसादाचे चुरमुरे वाटले, कपाळाला बुक्का. हात न धुताच ट्रॉलीतून एक जॉब उचलला, हातात एकदा फिरवला आणि मला विचारलं, "डाय नवी केली का त्यांनी?"

पार्टीला फोन लावला. हो, मागच्या आठवड्यात.

४१ भोकं झालीत. ५५ राहिलीत.